खड्ड्यातून दिसलेले युद्ध : होरेस पिपिनच्या आठवणी

१

युद्धाच्या आठवणींकडे समीक्षा सहसा दोन वाटांनी जाते. एका वाटेने जाताना ती त्या लेखनाला इतिहासाचे साधन मानते. कोणती पलटण कोठे होती, हल्ला केव्हा झाला, माणसे किती पडली, याची पडताळणी करून ती ते लेखन बाजूला ठेवते. दुसऱ्या वाटेने जाताना ती त्यात वाङ्मयीन घाट शोधते. निवेदकाचा प्रवास, भाबडेपणाकडून भ्रमनिरासाकडे होणारी त्याच्या जाणिवेची वाटचाल आणि शेवटी हाती येणारा अर्थ, असा आलेख तिला अपेक्षित असतो. कृष्णवर्णीय सैनिकाच्या आठवणी पुढे आल्या की तिसरी एक वाट उघडते. त्या लेखनात वर्णभेदाचा निषेध किती आहे, एवढेच तेथे मोजले जाते. या तिन्ही वाटांवर एक गोष्ट समान आहे. प्रत्यक्ष क्षण हा नेहमी दुसऱ्या कशाचा तरी पुरावा ठरतो. क्षण म्हणून तो वाचला जात नाही.

अमेरिकन चित्रकार होरेस पिपिन (१८८८–१९४६) याने पहिल्या महायुद्धातील आपल्या अनुभवांविषयी वह्यांतून जे लिहून ठेवले, ते या तिन्ही वाटांना सारखेच अडचणीचे आहे. इतिहासाचे साधन म्हणून ते अपुरे आहे. त्याला रूढ अर्थाने घाट नाही. आणि निषेध तर त्यात जवळजवळ नाहीच. तरीही त्यातील काही क्षण एकदा वाचले की विसरता येत नाहीत. ते अविस्मरणीय का होतात आणि त्या क्षणांत वर्णभेदाचा प्रश्न खरोखरच अनुपस्थित आहे का, हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असे येथे दाखवायचे आहे.

२

पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर येथे जन्मलेला आणि न्यूयॉर्क राज्यातील गोशेन येथे वाढलेला पिपिन १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या पंधराव्या नॅशनल गार्ड पलटणीत दाखल झाला. युद्धात तो कॉर्पोरल होता. कृष्णवर्णीय सैनिकांची ही पलटण पुढे ३६९ वी पायदळ पलटण म्हणून ओळखली गेली आणि ‘हार्लेम हेलफायटर्स’ या नावाने लोकांच्या लक्षात राहिली. फ्रान्समध्ये पोचल्यावर तिच्या हाती आधी रूळ टाकण्याची आणि हमालीची कामे आली. त्यानंतर अमेरिकन लष्कराने ती फ्रेंच सैन्याच्या हवाली केली. आपल्या गोऱ्या पलटणींच्या शेजारी तिला लढू देण्याची त्या लष्कराची तयारी नव्हती. फ्रेंच बंदुका आणि फ्रेंच शिरस्त्राणे घेऊन, फ्रेंच सेनापतींच्या हुकमतीखाली या पलटणीने आघाडीवर १९१ दिवस काढले. अमेरिकन सैन्यातील कोणत्याही पलटणीने इतका दीर्घ काळ सलग आघाडीवर काढला नव्हता, असे मानले जाते. सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस म्यूझ-आर्गॉनच्या मोठ्या चढाईत सेशो हे गाव या पलटणीने घेतले. त्याच दिवसांत पिपिनच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली. पुढे तो हात त्याला खांद्याच्या वर कधी नेता आला नाही.

घरी परतल्यावर, १९२० च्या सुमारास, त्याने वह्यांमध्ये आठवणी लिहायला आरंभ केला. पुढेही या आठवणी त्याने पुन्हा पुन्हा लिहिल्या. वहीतील मजकुराबरोबर काही रंगीत रेखाचित्रे आहेत. लेखन शाळकरी वळणाचे आहे. शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे लिहिलेले आहेत. विरामचिन्हे क्वचित आहेत आणि वाक्ये ‘आणि’, ‘मग’ अशा अव्ययांवर एकमेकांना धरून चालतात. एका घटनेतून दुसरी घटना कारणाने निघत नाही, ती फक्त तिच्यामागून येते.

अशा लेखनाचे काय करायचे, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच फुल्यांच्या लेखनातील व्याकरणाची ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टवाळी केली. व्याकरणाच्या चुका दाखवल्या की विचाराचा मुकाबला करण्याची गरज उरत नाही, ही सोय त्या टवाळीमागे होती. शंभर वर्षांनी दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा याच सोयीचा दुसरा अवतार दिसला. या वेळी बोलीचे कौतुक झाले, तिचा ‘अस्सलपणा’ वाखाणला गेला. परंतु त्या भाषेमागे रचनेचा काही विचार असेल, हे मान्य करायला वेळ लागला. अशुद्ध म्हणून हिणवणे आणि अस्सल म्हणून डोक्यावर घेणे या दोन्ही प्रतिक्रियांत लेखकाची निवड नाकारली जाते. पिपिनच्या बाबतीत हेच घडले. चित्रकार म्हणून नाव झाल्यावर त्याला ‘आदिम’, ‘स्वयंशिक्षित’, ‘लोककलावंत’ अशी विशेषणे लागली आणि त्याच्या वह्या त्या विशेषणांना पुरावा म्हणून उपयोगी पडल्या. म्हणून वहीतील मध्यवर्ती क्षण थोडा जवळून पाहणे अगत्याचे आहे.

३

तो क्षण असा. सकाळची आठची वेळ. जर्मन मशीनगनच्या ठाण्यांवर चाल करताना पिपिन तोफगोळ्याने पडलेल्या एका खड्ड्याकडे झेप घेतो आणि त्याच वेळी त्याला गोळी लागते. त्याचा एक सोबती येऊन त्याची जखम बांधतो. त्या सोबत्याला पुढे जावे लागते. दोघे हात मिळवतात. त्यानंतर तो सोबती पुन्हा कधी दिसला नाही, असे पिपिन एका ओळीत नोंदवतो आणि पुढे जातो. एक जर्मन नेमबाज दिवसभर त्याच्यावर टपून असतो; त्याच्या गोळ्या खड्ड्याच्या काठावर आदळत राहतात. पिपिनला हलता येत नाही.

दुपारी एक फ्रेंच नेमबाज तेथे येतो. मागे राहिलेल्या जर्मनांचा शोध घेत तो चाललेला असतो. खड्ड्यातला जखमी माणूस त्याच्या दृष्टीस पडतो. तो थबकतो, काहीतरी बोलणार असतो, पण शब्द तोंडातून निघण्यापूर्वीच त्याच्या डोक्यातून गोळी आरपार जाते. तो पिपिनच्या अंगावर कोसळतो. तो देह आपल्याकडे येताना पिपिन पाहत असतो, पण त्याच्यात बाजूला सरकण्याइतकेही बळ नसते. त्याला तो अंगावर घ्यावाच लागतो. लगेच पुढच्या वाक्यात तो सांगतो, की त्या माणसाजवळचे पाणी आणि पाव मिळाल्याने आपल्याला आनंद झाला. डाव्या हाताने, बऱ्याच खटपटीनंतर, त्याने त्याच्याजवळची कॉफीही काढून घेतली. रात्र पडते. पाऊस लागतो. पिपिन आपल्या मृत सोबत्याचे पांघरूण ओढू पाहतो. ते निघत नाही आणि प्रेतही बाजूला सरत नाही. खड्ड्यात पाणी चढत जाते. त्या पाण्यातच त्याला झोप लागते. पुढे दोन सैनिक येऊन प्रेत उचलतात आणि त्याला बाहेर काढतात. उरलेली रात्र तो इतर जखमींमध्ये उघड्यावर पडून राहतो. आघाडीकडे निघालेल्या फ्रेंच तुकड्यांच्या पावलांनी त्याची झोप मोडत राहते.

या निवेदनात लेखकाने काय टाळले आहे, ते प्रथम लक्षात घ्यावे. मृत्यूच्या सान्निध्यावर चिंतन नाही. मृताविषयी करुणेचा उद्गार नाही आणि त्याचे अन्न घेतल्याबद्दल अपराधाची बोचही नाही. युद्ध व्यर्थ आहे, असा निष्कर्षही नाही. याच प्रसंगातून दुसऱ्या एखाद्या लेखकाने एक प्रकरण उभे केले असते. पिपिन मात्र प्रेताचे कोसळणे आणि पाव मिळणे या दोन गोष्टी एका दमात, एका पातळीवर सांगतो. त्यांच्यामध्ये ‘परंतु’ येत नाही. ‘परंतु’ येण्यासाठी निवेदकाला त्या क्षणापासून अंतर घ्यावे लागते. एक गोष्ट भीषण आणि दुसरी सुखद, अशी वर्गवारी करावी लागते. खड्ड्यात पडलेल्या माणसाला ती वर्गवारी उपलब्ध नसते, आणि काही वर्षांनी घरी बसून लिहिणाऱ्या पिपिनने ती मागाहून आणलेली नाही. लेखकाची निवड दिसते ती येथे. निष्कर्ष काढायला त्याच्यापाशी वेळ होता. तो त्याने काढला नाही.

काळाची मांडणीही अशीच आहे. या प्रसंगात सकाळ, दुपार, रात्र आणि पहाट एवढीच परिमाणे येतात. चढाईचे काय झाले, गाव पडले की नाही, हे त्या खड्ड्यातून दिसत नाही, म्हणून ते सांगितले जात नाही. युद्धवाङ्मयाला उंचावरची जागा प्रिय असते. सेनापतीची टेकडी असो की भ्रमनिरास झालेल्या कवीची तटस्थता असो, तेथून सगळे रणांगण दिसते. पिपिनची जागा जमिनीच्या पातळीखाली आहे. तेथून आभाळाचा एक तुकडा, खड्ड्याचा काठ आणि अंगावरचा देह दिसतो. त्याच्या वाक्यांची ठेवण या दृष्टिक्षेत्राशी तंतोतंत जुळते. ती वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने सुधारून, उपवाक्यांच्या उतरंडीत बसवून लिहिली, तर अर्थ तोच राहील असे वाटते. प्रत्यक्षात निवेदकाची जागाच बदलेल. तो खड्ड्यातून उठून टेकडीवर जाऊन बसेल.

४

आता वर्णाचा प्रश्न. खड्ड्याच्या प्रसंगात वर्णभेदाचा उल्लेख नाही आणि वह्यांमध्येही तो विषय म्हणून येत नाही. यावरून दोन अनुमाने काढली जातात. पिपिन भोळा होता, हे एक. आघाडीवर सर्व भेद विरघळतात, हे दुसरे. दोन्ही टिकत नाहीत. पहिल्याला पिपिनचेच ‘मिस्टर प्रेज्युडिस’ (१९४३) हे चित्र उत्तर देते. विजयचिन्ह म्हणून मिरवल्या जाणाऱ्या ‘व्ही’ या रोमन अक्षरात एक माणूस पाचर ठोकत आहे. खाली गोरे आणि काळे सैनिक व कामगार दोन बाजूंना वेगळे उभे आहेत. वर बुरखाधारी क्लॅनचा माणूस आहे. त्या गर्दीत पहिल्या महायुद्धाच्या गणवेशातला एक काळा सैनिक आहे, आणि अभ्यासकांनी त्याच्यात पिपिनला ओळखले आहे. ज्याने हे चित्र काढले, त्याला दोन्ही युद्धांतला भेद दिसत नव्हता, असे म्हणता येणार नाही.

दुसऱ्या अनुमानाला उत्तर देण्यासाठी वहीबाहेरचा एक कागद वहीशेजारी ठेवावा लागतो. अमेरिकन मुख्यालयाशी संपर्क ठेवणारा फ्रेंच अधिकारी कर्नल लिनार याच्या सहीने ७ ऑगस्ट १९१८ रोजी एक गोपनीय पत्रक फ्रेंच अधिकाऱ्यांसाठी निघाले. कृष्णवर्णीयांविषयी अमेरिकेतील गोऱ्यांचे मत काय आहे, ते त्यात समजावून सांगितले होते आणि त्या मताचा मान राखण्याची सूचना होती. कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांशी सलगी वाढू देऊ नये, त्यांच्याबरोबर जेवू नये, हस्तांदोलन करू नये, लष्करी कामापलीकडे त्यांच्याशी बोलू वा भेटू नये, आणि गोऱ्या अमेरिकनांच्या देखत कृष्णवर्णीय पलटणींची फार स्तुती करू नये, असे त्यात बजावले होते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी मे १९१९ मध्ये ‘द क्रायसिस’ या मासिकात हे पत्रक छापून उघड केले.

मराठी वाचकाला या पत्रकाची भाषा समजावून सांगावी लागत नाही. स्पर्शबंदी आणि रोटीबंदी हे शब्द त्याच्या समाजानेच घडवले आहेत. पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ मध्ये महाडला काय करावे लागले, हे त्याला ठाऊक आहे. वर्ण आणि जात या दोन व्यवस्था एक नाहीत आणि त्यांच्यातले अंतर पुसून टाकणे हे अभ्यासाला धरून होणार नाही. परंतु कोणी कोणाबरोबर जेवावे आणि कोणाच्या हाती हात द्यावा, यावर सत्ता पहारा बसवते तेव्हा तिला नेमके कशाचे भय वाटते, हे ओळखण्याची सवय या वाचकाला आहे. त्या सवयीने वाचले असता खड्ड्यातील प्रसंगाचा एक वेगळाच पदर उलगडतो.

पत्रक ऑगस्टचे, खड्डा सप्टेंबरच्या अखेरचा. मधले अंतर जेमतेम सात-आठ आठवड्यांचे. एकीकडे कागदावर फ्रेंच आणि कृष्णवर्णीय यांच्या सहभोजनाला मनाई होत आहे. दुसरीकडे एक कृष्णवर्णीय सैनिक एका फ्रेंच सैनिकाच्या देहाखाली पडून त्याचा पाव खात आहे, त्याचे पाणी पीत आहे. पत्रकाने टाळू पाहिलेली सगळी जवळीक येथे घडते, आणि ती टाळण्याची सोय दोघांपैकी एकालाही नाही. फ्रेंच सैनिक काही बोलणार होता. ते संभाषण मृत्यूने थांबवले. तो काय बोलणार होता, याचा अंदाजही पिपिन करीत नाही. उरते ती देहाची आणि अन्नाची सोबत. त्या प्रेताचा उल्लेख पिपिन आपला मृत सोबती असा करतो. दुपारपूर्वी ज्याला त्याने कधी पाहिले नव्हते आणि ज्याचे नाव त्याला कधी कळले नाही, त्याच्यासाठी हा शब्द येतो. जखम बांधून, हात मिळवून गेलेला तो सकाळचा मित्र आणि हा अनोळखी परका शिपाई, दोघेही सोबतीच.

हा अर्थ पिपिनला अभिप्रेत होता असे म्हणण्याचे कारण नाही. अधिकाऱ्यांसाठी काढलेले ते पत्रक त्याच्यासारख्या कॉर्पोरलला आघाडीवर दिसण्याचा संभव नव्हता, आणि वहीत त्याची सावलीही नाही. हा उपरोध लेखकाचा नाही. तो संहितेत आहे, आणि दोन कागद शेजारी ठेवणाऱ्या वाचकापुढे तो उघड होतो. लेखकाने जाणीवपूर्वक केलेल्या निषेधापेक्षा अशा उपरोधाची ताकद वेगळी असते. निषेधाला उत्तर देता येते, त्याचे खंडन करता येते. पण पाव मिळाला म्हणून बरे वाटले, या साध्या नोंदीचे खंडन कसे करणार? वहीतील मौन हे म्हणून रिकामे नाही. वर्णभेद हा त्या लेखनाचा विषय नसला तरी ती त्याची परिस्थिती आहे. पिपिन फ्रेंच सैनिकाच्या शेजारी आला, याचे कारणच हे होते, की त्याच्या देशाला तो आपल्या सैन्यात, आपल्या झेंड्याखाली, शेजारी नको होता.

५

युद्धवाङ्मयाच्या अभ्यासात पॉल फसेल यांच्या ‘द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी’ (१९७५) या ग्रंथाचा प्रभाव मोठा आहे. आधुनिक स्मृतीचा मूलभाव उपरोध हा आहे आणि तो या युद्धातून घडला, असे त्यांचे प्रतिपादन. खंदकातील सूर्योदय आणि सूर्यास्त यांची वर्णने इंग्रज सैनिकलेखकांच्या हातून वारंवार का आली, याचा उलगडा करताना त्यांनी त्या लेखकांची वाङ्मयीन जडणघडण, रस्किनपासून चालत आलेली आभाळ पाहण्याची शिकवण आणि निसर्गकाव्याची परंपरा यांकडे बोट दाखवले. हे विवेचन मर्मग्राही आहे. पण ते पुस्तके वाचून युद्धावर गेलेल्या माणसांविषयीचे आहे. पिपिनही पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगतो, की तेथले दुःख आणि तेथला सूर्यास्त या दोन्ही गोष्टी आपण विसरू शकत नाही. त्याचा सूर्यास्त कोणत्या परंपरेतून आला? रस्किनकडून तो आलेला नाही. दुःख आणि सूर्यास्त यांचा विरोधही त्याने मांडलेला नाही. प्रेत आणि पाव जसे एका ओळीत आले, तसेच दुःख आणि सूर्यास्त एका ओळीत येतात. उपरोधाच्या आधी असलेली, जगाची विभागणी न करणारी ही दृष्टी फसेल यांच्या चौकटीत बसत नाही. चौकट चुकीची आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ती शिक्षित वर्गाच्या स्मृतीची चौकट आहे, एवढे मात्र निश्चित होते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अशिक्षित माणसाच्या लेखनातील उणिवांना समीक्षक गुणांचा दर्जा देत आहे, ‘आदिम’ हे जुने विशेषण काढून त्याच जागी नवे बसवीत आहे, असे म्हणता येईल. आक्षेप गंभीर आहे. वह्यांतील सर्वच भाग खड्ड्याच्या प्रसंगाच्या तोलाचे नाहीत. हालचालींच्या नोंदी एकसुरी होतात आणि माणसे पुष्कळदा नावापलीकडे जात नाहीत. परंतु पिपिनच्या सावधपणाचा पुरावा त्याच्या चित्रांत आहे. आघाडीवर त्याने काढलेली रेखाचित्रे शंभराच्या आसपास होती आणि ती त्याला शेवटी जाळून टाकावी लागली, असे तो सांगतो. म्हणजे वहीच्या आधी चित्रे होती, ती नष्ट झाली, आणि त्यांची भरपाई करण्याचा एक प्रयत्न म्हणून वही आली. पुढे निकामी उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देत त्याने तैलचित्रे काढायला सुरुवात केली. ‘युद्धाचा अंत : घराकडे प्रयाण’ हे आरंभीचे मोठे चित्र पुरे करायला त्याला सुमारे तीन वर्षे लागली (१९३०–३३). रंगाचे थर इतके चढले, की पृष्ठभाग चिखलासारखा जाड झाला. चौकटीवर त्याने बंदुका, हातबाँब, शिरस्त्राणे कोरून बसवली. शीर्षक घराकडे निघाल्याचे सांगते; चित्रात कोणी घराकडे निघालेले नाही. तेथे आभाळातून विमाने कोसळत आहेत आणि झाडांच्या खुंटांमधून हात वर केलेले सैनिक शरण येत आहेत. ज्याला या दोहोंतले अंतर कळते आणि ते कायम ठेवावेसे वाटते, त्याच्या वहीतील साधेपणाला केवळ अज्ञान म्हणता येत नाही.

६

तेव्हा पिपिनच्या आठवणींतील क्षण अविस्मरणीय होतात, ते त्यांतील भीषणतेमुळे होत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या वाङ्मयात याहून भीषण प्रसंग कितीतरी आहेत. ते अविस्मरणीय होतात, कारण त्यांच्यावर निष्कर्षाचे ओझे घातलेले नाही. निष्कर्ष नाही म्हणूनच त्या क्षणातील पाव, पाणी, पाऊस आणि देहाचा भार या गोष्टी आपापल्या जागी शाबूत राहतात, आणि वाचक स्वतःचा इतिहास घेऊन तेथे पोचतो तेव्हा त्याच्याशी बोलू लागतात.

समीक्षेने यातून काही घ्यायचे असेल तर ते एवढेच. शोषितांच्या लेखनात निषेध शोधणे आवश्यक आहे. पण तो घोषणेच्या रूपातच सापडेल, असा हट्ट धरला तर असे लेखन पुन्हा एकदा न वाचलेलेच राहते. मौनाला बोलते करण्यासाठी त्याच्या शेजारी कोणता कागद ठेवायचा, हे शोधण्याची जबाबदारी लेखकाची नाही. त्याने आपला भाग निकामी हाताने पुरा केला आहे.